कवडसे

16 फेब्रुवारी 1980. शनिवार होता, म्हणजे सकाळची शाळा. सुटताना विज्ञानाच्या सरांनी आम्हा नववीच्या पोरांना सांगितलं, "जेवून परत या. घरचे सोडत असतील तरच." त्या दुपारी सूर्यग्रहण होतं. कारवार-अंकोल्याकडे खग्रास, आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात खंडग्रास, पण सूर्याची नुसती कोर उरावी इतकं मोठं. गावात दारं-खिडक्या लावून घ्यायची लगबग चालली होती. आईनं हंड्यात तुळशीपत्र टाकलं आणि बजावलं, "गिराण लागलंय, भायर जाऊ नको." मी परसदारानं निघालो. वर्गात आम्ही सातजण जमलो.

सर म्हणाले, "वर कुणी बघायचं नाही. खाली बघा."

आपल्या शाळेची ती जुनी खोली ज्यांनी पाहिली आहे त्यांना आठवेल. वर नळीची कौलं, त्यातली निम्मी सरकलेली. पावसाळ्यात बाकांच्या मध्ये बादल्या ठेवायला लागायच्या, आणि उन्हाळ्यात फटीफटीतून जमिनीवर कवडसे पडायचे. ते गोल असतात हे आम्ही रोज बघत होतो, पण का गोल, हे कुणाच्या मनात आलं नव्हतं. त्या दुपारी ते गोल कवडसे एका बाजूनं खाल्ल्यासारखे व्हायला लागले. बघता बघता शेणानं सारवलेल्या जमिनीवर कोरीच कोरी झाल्या. बाकावर कोर, वहीवर कोर, माझ्या हातावर कोर. मी हात हलवला तरी ती हलेना, बोटांवरून मनगटावर आली एवढंच. बाहेर कावळे झाडांवर परतत होते.

सोमवारी सरांनी पश्चिमेच्या खिडकीला घोंगडं बांधलं, त्यात पुठ्ठा बसवला आणि पुठ्ठ्याला मुगाच्या दाण्याएवढं चौकोनी भोक पाडलं. भोकाजवळ कागद धरला तर उजेड चौकोनी दिसायचा. कागद मागे मागे नेला की कोपरे विरत जायचे. चार मीटरवर तो चक्क गोल. मग भोक तिकोनी केलं, तरी लांबवर गोलच. सर म्हणाले, "कवडसा भोकाचा नसतो रे, सूर्याचा असतो. हे सूर्याचं चित्र आहे." आम्ही पट्टीनं मोजलं. 400 सेंटिमीटर अंतरावर कवडसा साधारण पावणेचार सेंटिमीटर. सूर्य 15 कोटी किलोमीटर लांब. फळ्यावर त्रैराशिक मांडलं आणि सूर्याचा व्यास आला 14 लाख किलोमीटर. पुस्तकातल्या आकड्याच्या अगदी जवळ. एक पट्टी, एक पुठ्ठा आणि एक घोंगडं, एवढ्यावर आम्ही सूर्य मोजला होता.

दीड वर्षानं, एसएसएलसी म्हणजे दहावी मराठीतून चांगल्या मार्कांनी पास होऊन, मी बेळगावात पीयूसी सायन्सला, म्हणजे अकरावीला, बसलो. सगळं इंग्रजीतून. त्वरणाचं एक्सलरेशन झालं, संवेगाचं मोमेंटम झालं, आणि सर काय बोलतात ते कळायच्या आत फळा पुसला जायचा. पहिल्या चाचणीत मला 25 पैकी 4 मिळाले. उत्तरपत्रिका घेऊन मी शब्दकोश उघडला. पाच मार्कांचा एक प्रश्न मी कोरा सोडला होता, कारण त्यातले 'ॲपर्चर' आणि 'इरिस्पेक्टिव्ह' हे दोन शब्द मला अडले होते. अर्थ लावल्यावर प्रश्न असा निघाला: लहान छिद्रातून पडणारी सूर्याची प्रतिमा छिद्राचा आकार कोणताही असला तरी गोल का असते?

ज्या प्रश्नाचं उत्तर माझ्या तळहातावर पडलं होतं, तोच मी कोरा सोडला होता. त्या रात्री खोलीवर मी खूप रडलो.

पुढचं थोडक्यात सांगतो. बीएस्सी बेळगावात, एमएस्सी धारवाडला कर्नाटक विद्यापीठात, मग जिल्ह्यातच प्राध्यापकी आणि विज्ञान शिक्षणात संशोधन. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात 1972 पासून 16 शाळांत सुरू झालेल्या प्रयोगातून शिकण्याच्या कार्यक्रमाबद्दल वाचलं, तेव्हा घोंगडं बांधलेली आपली खिडकीच आठवली. 1974 साली मुंबईत सुरू झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाषेचा अडसर हा विज्ञान शिक्षणाचा मूळ प्रश्न म्हणून हाती घेतला होता. ते वाचलं आणि माझे ते 4 मार्क एकट्या माझे नव्हते हे पहिल्यांदा समजलं.

माझ्या वर्गात जांबोटी-कणकुंबीकडची मराठी माध्यमाची मुलं असायची आणि कित्तूर-बैलहोंगलकडची कन्नड माध्यमाची. दोन्हीकडची सारखीच गप्प. आपल्या भागात भाषेवरून किती ताणतणाव झाला हे मी लहानपणापासून पाहिलं आहे. पण पीयूसीच्या पहिल्या महिन्यात या दोघांचं दुःख एकच असतं, हे ठामपणे सांगतो. म्हणून एसएसएलसीचा निकाल आणि कॉलेजची सुरुवात यांच्यामधल्या दिवसांत आम्ही पूर्वतयारीचे वर्ग सुरू केले. प्रत्येकाच्या वहीत तीन रकाने: मराठी, कन्नड, इंग्रजी. कन्नड रकाना माझ्या कन्नड सहकाऱ्यांनी तपासून दिला. त्वरणासमोर वेगोत्कर्ष आला. जडत्वासमोर मात्र जडत्वच! दोन्ही बाकांवरची पोरं एकमेकांकडे बघून हसली आणि त्या दिवसापासून वर्ग बोलका झाला.

अडसर भाषेचाच होता असंही नाही. पावसाळ्यात मुली प्रॅक्टिकलला गैरहजर राहायच्या. त्यांना गोडी नाही, असं शिक्षकांच्या खोलीत बोललं जायचं. मी एकीला विचारलं तर म्हणाली, "सर, शेवटची बस चुकली तर रात्री कुठं राहू?" आम्ही बाहेरगावच्या मुलींची बॅच सकाळी घेतली आणि त्या येऊ लागल्या. एका वेळापत्रकाचा प्रश्न होता, आणि त्यासाठी किती मुलींचं विज्ञान सुटलं असेल या विचारानं आजही जीव कासावीस होतो.

26 डिसेंबर 2019 ला सकाळी पुन्हा ग्रहण होतं. मी विद्यार्थ्यांना घरून झारा आणायला सांगितलं. कॉलेजच्या अंगणात झाऱ्यांच्या सावल्यांत शेकडो कोरी पडल्या. मुलं मराठीत, कन्नडमध्ये, इंग्रजीत एकदमच ओरडत होती. आमचे सर तेव्हा हवे होते.

शाळेच्या हीरकमहोत्सवात ती जुनी खोली पाडून नवी प्रयोगशाळा बांधायचं ठरलं आहे असं संचालक मंडळींकडून कळलं. जरूर बांधा, स्लॅब घाला, मुलं पावसात भिजायला नकोत. माझी एकच विनंती आहे आणि तिचा खर्च मी देतो. पश्चिमेच्या खिडकीला एक लाकडी झडप करा. तिच्यात मुगाच्या दाण्याएवढं भोक ठेवा. समोरच्या भिंतीपर्यंत चार मीटर अंतर मोकळं सोडा. आणि सुताराला नीट बजावून सांगा, भोक गोल नको. चौकोनीच पाड म्हणावं.