आठ सेकंद

मी फुटबॉलमधला गोलकीपर आहे. मुंबईच्या एका क्लबकडून लीग खेळतो आणि सीझन संपला की देवगिरी एक्सप्रेस धरून परभणीला घरी येतो. लोकांना ही सुट्टी वाटते. पण दोन-तीन आठवडे पळणं बंद झालं की दम उतरतो, आणि मे महिन्यात पारा 42 च्या वर असताना तो टिकवायचा तर दिवस उजाडायच्या आत मैदानावर उतरावं लागतं. सातनंतर काळ्या जमिनीची धग बुटाच्या तळातून वर येते.

2025 मध्ये नियमच बदलला. 1 जुलैपासून कीपरनं बॉल आठ सेकंदांपेक्षा जास्त वेळ हातात ठेवला तर समोरच्यांना कॉर्नर, म्हणजे आमच्या गोलच्या बाजूच्या कोपऱ्यातून बॉल मारायची संधी. आधी मर्यादा सहाच सेकंदांची होती, पण शिक्षा होती बॉक्सच्या, म्हणजे गोलसमोरच्या आखलेल्या चौकोनाच्या, आत इनडायरेक्ट फ्री किक: दुसऱ्या कुणाचा स्पर्श झाल्याशिवाय जिच्यावर गोल धरत नाहीत अशी किक. गोलसमोर अख्ख्या टीमची भिंत, ढकलाढकली, आरडाओरडा. एवढं ओढवून घेण्यापेक्षा रेफरी कानाडोळा करायचे आणि आम्ही कीपर आरामात दहा-बारा सेकंद घ्यायचो.

त्या दहा-बारा सेकंदांत काय काय होतं हे बाहेरच्याला कळत नाही. क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर मारलेला बॉल, हवेत पकडायचा, खाली येताच बॉल छातीशी घेऊन अंग टाकायचं. मग उठायचं, बॉक्सच्या टोकापर्यंत चालत जायचं, हातानं खुणावून बॅकलाइनला, म्हणजे बचावाच्या रांगेला, पुढं सरकवायचं. तेवढ्यात बचावाची पोरं दम खातात, जागा सापडते, डोकं थंड होतं. हे कसब मी वर्षानुवर्षं घासून कमावलं आहे. आता रेफरीला बॉल ताब्यात आलासा वाटला की मोजणी सुरू. शेवटचे पाच सेकंद तो हात वर करून बोटांनी दाखवतो. पण थ्रोसाठी मैदानाच्या लांबच्या कडेकडं बघत असलो तर तो हात मला दिसणार कसा? म्हणून तोंडातल्या तोंडात मोजायची सवय लावली. पकडलं, दोन पावलं, फेकलं. लांब थ्रो वाढले तसा खांदा भरून यायला लागला, म्हणून व्यायामाचं वेळापत्रकही बदललं.

जूनच्या शेवटी नांदेडच्या पोरांशी सराव सामना ठेवला. नव्या नियमानं खेळायचं असं आधीच ठरलं होतं. शिट्टी आमच्या सरांकडं. सर शाळेत क्रीडाशिक्षक होते, निवृत्त झाले तरी नियमांचं पुस्तक खिशात असतं. आमचा लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचाव खेळाडू, त्या दिवशी सकाळी सोयाबीनची पेरणी आटोपून आला होता. पाऊस पडून गेल्यामुळं काळी माती बुटाला चिकटत होती. पन्नास पावलं पळालं की एकेक पाय किलोभर जड.

शेवटची पाच मिनिटं. आम्ही एका गोलनं पुढं. मी क्रॉस धरला, उठलो आणि बघतो तर लेफ्ट बॅक खाली बसलेला, दोन्ही हातांनी पोटरी दाबतोय. गोळा आला होता. बॉल लांब मारावा तर नांदेडची पोरं तो उचलून त्याच्याच रिकाम्या बाजूनं येणार. मी बॉल धरून त्याच्याकडं चालत राहिलो. "ऊठ रे, ऊठ." सरांचा हात वर गेलेला मला दिसला. पाच बोटं, चार, तीन. माझीही मोजणी चालूच होती. तरी मी सोडला नाही. शिट्टी.

मी ज्या बाजूला असेन त्याच बाजूनं कॉर्नर, असा नियम आहे. म्हणजे डावीकडून. आणि डावीकडच्या कॉर्नरला गोलच्या जवळच्या खांबापाशी आमच्याकडून तोच पोरगा उभा राहतो. तो लंगडत आला, उभा राहिला, उडी मारता आली नाही. बॉल त्याच्या डोक्यावरून आत. एक-एक.

सामन्यानंतर मी सरांना म्हणलं, "सर, पोरगं पडलेलं होतं."

"दिसलं मला. डोक्याला लागलं असतं तर मीच खेळ थांबवला असता. गोळ्यासाठी थांबवत नसतात. तुला एवढंच होतं तर बॉल बाहेर मारायचा. 1992 ला आपल्याच पोरानं पायानं मागं दिलेला बॅकपास हातात घ्यायची बंदी आली, तवाबी सगळे कीपर असेच कावले होते."

नियम चांगला आहे, हे मी मनापासून मानतो. कॉर्नर ही रेफरीला देण्याजोगी शिक्षा आहे, म्हणून ती दिली जाईल आणि खेळ चालता राहील. माझा राग आहे तो आपल्याकडच्या स्पर्धा भरवणाऱ्यांवर. हार-तुरे, स्टेज, पाहुणे यांवर हजारो रुपये जातात. पण नियम बदलल्यावर गावोगावच्या रेफरींना आणि पोरांना एकत्र बसवून समजावायला एक दुपार निघत नाही. आमच्या पोरांना हा नियम मोबाईलवरच्या क्लिपांतून कळला, तोही अर्धवट. बदली खेळाडूंचा बाक भरलेला असेल त्या टीमला आठ सेकंद पुरतात. आमच्या बाकावर त्या दिवशी दोघंच होते, आणि दोघंही आधीच आत गेलेले.

बॉल बाहेर मारायला हवा होता, हे सरांचं म्हणणं मला अजून पटलेलं नाही. बाहेर गेला की कडेवरून बॉल आत फेकायचा थ्रो त्यांचा. पोरगं पडलंय म्हणून समोरचा तो परत देईलही, पण एका गोलनं मागं असताना, पाच मिनिटं उरलेली असताना, देईलच असं नाही. लेफ्ट बॅकला विचारलं तर तो म्हणतो, "दादा, तू थांबलास ते बरं केलंस." पण तो तसंच म्हणणार. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघांनी त्याच्या पोटऱ्यांवर काम सुरू केलं.