वर्गात मोबाईल का काढायला लावता?

‘मॅडम, घरी आम्ही पोरांच्या हातातला मोबाईल काढून घेतो आणि तुम्ही वर्गात तो बाहेर काढायला लावता?’ पालक सभेत दरवर्षी कुणीतरी हे विचारतंच. स्टाफरूममध्ये तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत येतो: आधीच सिलॅबस पुरा होत नाही, त्यात हे कशाला? मी शिकवता शिकवता एक प्रश्न टाकते आणि मुलं मोबाईलवरून त्याचं उत्तर पाठवतात. ते कशासाठी, हे तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

मी तालुक्याच्या गावी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला फिजिक्स शिकवते. कितीतरी वर्षं प्रत्येक तासाला मी विचारत आले, ‘समजलं का?’ पुढच्या दोन बाकांवरून ‘हो मॅडम’ यायचं, मागची मुलं माना हलवायची, मी फळा पुसून पुढे जायचे. समजलं नव्हतं, हे कळायचं पेपर तपासताना. तोवर तो भाग मागे पडून तीन महिने झालेले असायचे.

हार्वर्डमध्ये फिजिक्स शिकवणाऱ्या एरिक मझूर यांचीही हीच गत झाली होती. त्यांच्या वर्गातली मुलं अवघड गणितं सोडवायची. पण त्यांनी वर्गाला न्यूटनच्या नियमांवर साध्या भाषेतले, आकडेमोड नसलेले प्रश्न दिले, तेव्हा एका विद्यार्थिनीनं विचारलं, उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू, की मला वाटतं तशी? हे मी वाचलं तेव्हा माझा वर्ग डोळ्यांपुढे आला. मझूर यांनी 1991 पासून शिकवायची पद्धतच बदलली. थोडं शिकवायचं, मग एक प्रश्न टाकायचा. प्रत्येकानं एकट्यानं उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचं. तिथं आधी हात वर करणं आणि कार्डं होती, पुढे क्लिकर, म्हणजे बटण दाबून उत्तर पाठवायची छोटी यंत्रं, आली. आता मोबाईलवर मेंटिमीटरसारखी उत्तरं गोळा करणारी साइट किंवा साधा गूगल फॉर्म उघडला की झालं.

एक दिवस सांगते. न्यूटनचा तिसरा नियम शिकवून झाला होता. क्रिया-प्रतिक्रिया समान आणि विरुद्ध, हे सगळ्यांना पाठ. मी प्रश्न टाकला: भरलेला ट्रक आणि रिक्षा समोरासमोर धडकले. कुणी कुणावर जास्त फोर्स लावला? 71 मुलं हजर होती. 41 जणांनी ट्रक म्हटलं, तिघांनी रिक्षा आणि 27 जणांनी दोन्ही सारखे. माझ्या ‘समजलं का?’ला ‘हो’ म्हणणारी पोरं हीच होती.

मी उत्तर सांगितलं नाही. तीन मिनिटं दिली आणि म्हटलं, शेजारच्याला पटवा. वर्गात बाजार भरला. खिडकीकडच्या शेवटच्या बाकावर एक मुलगी बसते. वर्षभरात तिचा आवाज मी हजेरीपुरताच ऐकलेला. ती मैत्रिणीला सांगत होती, ‘अगं, भिंतीवर बुक्की मारली की हात दुखतो ना? तू जेवढी मारलीस तेवढीच भिंतीनं तुला मारली. भिंत हलत नाही, तुझा हात हलतो. रिक्षाचं तसंच. फोर्स सारखाच, पण ती हलकी म्हणून फेकली जाते.’ मी मागे उभी राहून ऐकत होते. पुस्तकातलं इंग्रजी वाक्य मी फळ्यावर तीनदा लिहिलं होतं. तिनं ते बुक्कीत आणून ठेवलं. दुसऱ्यांदा उत्तरं आली तेव्हा 55 जण ‘सारखे’वर होते.

म्हणून मी सांगते, खरं काम त्या तीन मिनिटांत होतं. मोबाईल लागतो तो एवढ्याचसाठी, की चुकीचं उत्तर देताना कुणाचं नाव पडद्यावर येत नाही. हात वर करायचा म्हटलं की आमची मुलं आधी हुशार पोराचा हात बघतात, मग आपला उचलतात. तेवढ्याचसाठी पहिल्या फेरीचा आलेख मी पडद्यावर दाखवत नाही. उंच दांडी दिसली की सगळे तिकडे पळतात. पहिल्याच उत्तरांत बहुतेक सगळे बरोबर असले तर मी पुढे जाते. अगदी थोडेच बरोबर असले तर वाद घालायला लावण्यात अर्थ नसतो, पुन्हा शिकवावं लागतं.

चुकाही झाल्या. एका सत्रात मी या उत्तरांवर हजेरी आणि मार्क ठेवले. एके दिवशी वर्गात 60 मुलं आणि उत्तरं 74! उत्तर पाठवायला लागणारा कोड व्हॉट्सॲपवरून कँटीनमध्ये पोचला होता. त्याहून वाईट म्हणजे मुलं पुन्हा एकमेकांचं बघून लिहायला लागली. मार्क असतील तिथं चुकायची मोकळीक राहत नाही. मी मार्क काढून टाकले. मोबाईलवर खरीच परीक्षा घ्यायची तर आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘सेफ’ हे ॲप आहे. माझी गरज वेगळी होती.

आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही? दरवर्षी पाचसहा जण तरी असतात. नेटपॅक संपलेले वेगळे. यावर मी बरेच दिवस अस्वस्थ होते, कारण जो गप्प बसतो त्याच्यासाठी हे सुरू केलं आणि तोच बाहेर राहिला तर काय उपयोग! आता लहान तुकडीला मी प्लिकर्सची छापील कार्डं वाटते. कार्ड ज्या बाजूनं धरलं त्यावरून ए, बी, सी की डी ते ठरतं, आणि फोन लागतो तो फक्त माझा. मोठ्या वर्गात दोघांत एक फोन चालतो. दोघांचं एकमत होईपर्यंत उत्तर पाठवायचं नाही.

सिलॅबसचं म्हणाल तर एका तासाला एकच प्रश्न, सात-आठ मिनिटं. त्यासाठी काही सिद्धता मी घरी वाचायला देते. तेवढं वर्गात शिकवायचं राहतं हे मला मान्य आहे, आणि मी ते जाणूनबुजून करते.

येत्या सोमवारचा प्रश्न तयार आहे: सरळ वर फेकलेला चेंडू सगळ्यात वर पोचला, त्या क्षणी त्याचं त्वरण किती? बरेच जण शून्य म्हणतील असा माझा अंदाज आहे. तुम्हाला वेळ असेल तर या. शेवटच्या बाकावर बसा, खिडकीकडे. तिथं छान ऐकू येतं.