तुम्ही विचारलंत म्हणून: हे कुठे दिसतं तरी का?

‘हायर प्रिन्सिपल बंडल आणि त्यांवरची कनेक्शन्स’ असं माझ्या गणितातल्या कामाचं नाव सांगितलं, की हमखास विचारलं जातं, “हे कुठे दिसतं तरी का, की सगळं कागदावरच?” दिसतं की. तेही प्रयोगशाळेत.

अवकाशातल्या प्रत्येक बिंदूवर घड्याळाची एकेक तबकडी आहे असं समजा, पण आकडे नसलेली. बारा कुठे, ते कुणी ठरवलेलंच नाही. या सगळ्या तबकड्या मिळून होतं ते बंडल. मग इथला काटा आणि तिथला काटा ताडून कसे बघणार? कनेक्शन ती सोय करतं, फक्त कोणत्या वाटेने जाणार ते आधी सांगावं लागतं. फेरी मारून मूळ जागी परतलात, तरी काटा पहिल्या जागी सापडेलच असं नाही. हा उरलेला फरक म्हणजे होलोनॉमी.

इलेक्ट्रॉन लाटेसारखाही वागतो आणि त्या लाटेची कला (फेज) म्हणजे असाच एक काटा. त्याच्या बाबतीत असं घडायला हवं, अगदी वाटेवर चुंबकीय क्षेत्र शून्य असलं तरी, असं १९५९ साली अहारोनोव्ह आणि बोम या भौतिकशास्त्रज्ञांनी मांडलं. क्षेत्र कुठून तरी झिरपत असणार, ही कुरकुर मात्र बरीच वर्षं चालू राहिली. १९८६ मध्ये जपानात तोनोमुरांच्या गटाने ती मिटवली. चुंबकाचं इवलंसं कडं, त्यावर नायोबियमचं आवरण. पुरेसं थंड केलं की नायोबियम अतिवाहक होतं आणि क्षेत्र आतच कोंडलं जातं. इलेक्ट्रॉनांची एक लाट कड्याच्या भोकातून गेली, दुसरी बाहेरून. लाटा एकमेकींत मिसळल्या की फिकट-गडद पट्टे उमटतात. काही कड्यांच्या चित्रांत भोकातले पट्टे बाहेरच्यांपेक्षा बरोब्बर अर्ध्या पट्ट्याने सरकलेले दिसले. वाटेवर वक्रता (इथे ती म्हणजे चुंबकीय क्षेत्रच) शून्य, तरी काटा अर्धा फेरा वळलेला!

मग ‘हायर’ कशाला? स्ट्रिंग थिअरीत बिंदूसारख्या कणाऐवजी बारीक तंतू असतो. तो सरकताना रेघ नाही, पृष्ठ आखतो. त्या अख्ख्या पृष्ठाला एक कोन द्यायचा तर बंडल पुरत नाही, त्याच्या वरच्या पायरीची रचना, म्हणजे जर्ब, लागतो. अवकाश तुकड्यातुकड्याने नकाशांत मांडलं, की साध्या बंडलमध्ये दोन नकाशांच्या सामाईक भागात तबकड्या जुळवणारं फलन असतं. जर्बमध्ये तिथे फलनाऐवजी बंडलच येऊन बसतं आणि हिशेब तीन नकाशांवर जुळवावा लागतो. सूत्रांतल्या निर्देशांकांचा वैताग येतो, तो येतोच.

यातला एक धागा मुंबईचा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या नरसिंहन आणि रामनन यांनी १९६१ मध्ये सार्वत्रिक कनेक्शन असतं हे सिद्ध केलं. बाकीची त्यातून ओढून आणता येतात. आज हायर भूमितीत असं सार्वत्रिक कनेक्शन व्याख्येतूनच मिळतं, पण ते ज्यावर राहतं तो असतो स्टॅक, म्हणजे नेहमीच्या अवकाशापेक्षा बरीच अमूर्त वस्तू. नरसिंहन-रामनन यांच्याकडे साधी मॅनिफोल्ड (पृष्ठभागासारखं गुळगुळीत अवकाश) होती, तिच्यावर गणित करून बघता येतं. म्हणून नव्या विद्यार्थ्याला मी आधी तो जुना पेपरच वाचायला देतो.