तुम्ही विचारलंत म्हणून: तुमच्या लॉ कॉलेजातून कोण मोठं झालं?

गणपतीला मुंबईहून आलेले चाकरमानी, सीईटीचा निकाल लागल्यावर मुलीला घेऊन आलेले पालक, एसटीत शेजारी बसलेलं कुणीही. मी सिंधुदुर्गातल्या एका लॉ कॉलेजात शिकवते हे कळलं की प्रश्न ठरलेला: “मगे, तुमच्या कॉलेजातून कोण मोठो झालो की नाय?” मोठो म्हणजे जज, गेलाबाजार सरकारी वकील. एसटीत उत्तर पूर्ण व्हायच्या आत माझा स्टॉप येतो, म्हणून इथे नीट सांगते.

नावंच हवी असतील तर कोकणात त्यांना तोटा नाही. टिळक रत्नागिरीत जन्मले आणि १८७९ साली एलएलबी झाले. डॉ. आंबेडकरांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. चिपळूण भागातल्या पां. वा. काण्यांनी वकिली सांभाळून धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला आणि १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळालं. बॅरिस्टर नाथ पै वेंगुर्ल्याचे. २०२२ साली सरन्यायाधीश झालेले उदय लळित मूळचे देवगड तालुक्यातल्या गिर्ये गावचे. गॅदरिंगच्या भाषणात ही नावं घेतली की टाळ्या हमखास. पण कायदा शिकायला यातल्या प्रत्येकाला मुंबई नाहीतर लंडन गाठावं लागलं. त्यांच्या मोठेपणात आमच्या कॉलेजचा काडीचा वाटा नाही.

आता आमची यादी. नॅकसाठी, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेसाठी, माहिती भरायचं काम वर्षानुवर्षं माझ्या गळ्यात आहे. पाचवा निकष विद्यार्थ्यांच्या प्रगतीचा. नोकरी लागली का, पुढचं शिक्षण घेतलं का, स्पर्धा परीक्षा पास झाले का, असे रकाने. बँकेत लॉ ऑफिसर झालेल्याचं नेमणूकपत्र मिळतं, एलएलएमला गेलेल्याची प्रवेशपावती मिळते. वकिली करणाऱ्याला नेमणूकपत्र कोण देणार, अशील? शेवटी सनदेची, म्हणजे वकिलीच्या परवान्याची, झेरॉक्स जोडायची. त्यातून तो वकील आहे एवढंच सिद्ध होतं. त्याच्याकडे कामं आहेत की तो दिवसभर बार रूममध्ये पेपर वाचतो, हे त्या झेरॉक्सवर दिसत नाही.

अर्थात सनद हातात पडणं हीच कितीतरी घरांत मोठी गोष्ट. डिग्री झाली, पण सनदेसाठी बार कौन्सिलची नोंदणी फी भरायला पैसे नाहीत म्हणून एक सीझन मालवणात हॉटेलात काउंटर सांभाळणारी मुलं मी पाहिली आहेत. ३० जुलै २०२४ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की नोंदणीसाठी खुल्या प्रवर्गाकडून ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींकडून १२५ रुपयांच्या वर फी घेता येणार नाही. त्या दिवशी स्टाफरूममध्ये पेढे कुणी वाटले नाहीत, वाटायला हवे होते.

बक्षिसांबद्दलही विचारतात. मूट कोर्टच्या, म्हणजे लुटुपुटीच्या खटल्यांच्या, स्पर्धांना आमची मुलं जातात. दोन बोलणारे, एक संशोधक, आणि रात्र रात्र जागून टाइप केलेलं मेमोरियल, म्हणजे लेखी युक्तिवाद. मोठ्या शहरातल्या टीमसमोर आमच्यांचं इंग्रजी अडखळतं, ते मान्य. पण एका स्पर्धेत मच्छीमाराच्या घरातली आमची मुलगी उभी होती. काल्पनिक खटला सीआरझेडचा, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांचा, किनाऱ्यावरच्या रिसॉर्टचा. जजने विचारलं, हाय टाइड लाइन म्हणजे काय? समोरच्या टीमने अधिसूचनेतली व्याख्या धडाधड म्हणून दाखवली: उधाणाच्या भरतीला पाणी जमिनीवर जिथपर्यंत पोचतं ती रेषा. आमच्या मुलीनेही तीच म्हटली आणि थांबून पुढे म्हणाली की युवर लॉर्डशिप, हे उधाण अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास येतं, आणि रिसॉर्टने फाइलला लावलेल्या फोटोंवरची तारीख अष्टमीची आहे, त्यात उधाणाची रेषा दिसणार कशी? खटल्याचा कागद हातात घेऊन जज तारीख पाहत राहिले. समोरच्या टीमने ती वाचलीच नव्हती. तरी आम्ही त्या फेरीत हरलो, मेमोरियलला गुण कमी पडले. नॅकच्या फाइलीत त्या दिवसाची नोंद एका शब्दाची आहे: सहभाग.

जेएमएफसी, म्हणजे खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशपदाची, परीक्षा पास होऊन न्यायाधीश झालेलेही आमच्यात आहेत. त्यांचे फ्लेक्स तिठ्यावर लागतात, सरपंचापासून सगळ्यांचे फोटो त्यात असतात, जजसाहेबांचा फोटो शोधावा लागतो. पण २० मे २०२५च्या निकालाने सुप्रीम कोर्टाने या परीक्षेसाठी तीन वर्षं वकिलीची अट पुन्हा घातली, म्हणजे डिग्री घेऊन थेट जज होणं संपलं. तीन वर्षं बार कौन्सिलकडच्या तात्पुरत्या नोंदणीपासून मोजली जातात, एवढा दिलासा. मला ही अट पटते. उलटतपासणी कशी असते हे न पाहता निकाल लिहायला बसू नये. फक्त तीन वर्षं ज्युनिअरने खायचं काय, याचं उत्तर त्या निकालात नाही. ज्युनिअर वकिलाला शहरात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये महिना द्यावा, अशी शिफारस बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४मध्ये केली. शिफारसच ती. आमच्याकडे सीनिअरने पेट्रोलचे पैसे दिले तरी पोरगा खूश असतो.

मला स्वतःला विचाराल तर मी ज्याचं नाव घेईन त्याचा फ्लेक्स कधी लागला नाही. तालुका कोर्टात वकिली करतो, वाटपाचे दावे चालवतो. कोकणात वाटपाचा दावा म्हणजे काय, हे बाहेरच्यांना कळणं कठीण. आंब्याची बाग एक, सातबारा सामायिक, त्यावर पन्नास-साठ नावं, त्यातली निम्मी स्वर्गात आणि उरलेली डोंबिवली-विरारला. अशाच एका दाव्यात एक अख्खी शाखा सातबाऱ्यावरून गायब होती. हा पठ्ठ्या अशिलाच्या घरी जाऊन माजघरात म्हाताऱ्या आत्तेसमोर बसला आणि लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर वंशावळ लिहायला लागला. आत्ते म्हणाली, “अरे, विठ्ठल दोन होते. एक आजो, एक नातू.” जुन्या फेरफारात दोघांचा एकच विठ्ठल झाला होता आणि नातवाचे वारस वाऱ्यावर गेले होते. मग ग्रामपंचायतीतलं मृत्यूचं जुनं रजिस्टर काढून दोन वेगळ्या नोंदी मिळवल्या, सगळ्यांना नोटिसा बजावल्या आणि शेवटी तडजोडीने हुकूमनामा झाला. तेवढ्याने भागत नाही. शेतसाऱ्याच्या जमिनीचं प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४प्रमाणे कलेक्टरमार्फत व्हावं लागतं, म्हणजे पुढे तहसील, मोजणी, पोटहिस्से. तो अजून त्या फाइलीमागे फिरतोय. कलम ५४ मी वर्गात एका तासात उरकते, आणि बहुतेक मुलं तो तास बुडवतात.

असं काम जमायला दहा-बारा वर्षं जातात. रकाने भरून घेणाऱ्यांना मात्र मुलगा बाहेर पडल्या वर्षीच उत्तर हवं असतं.

एक बदल मात्र डोळ्यांदेखत झाला. १८ ऑगस्ट २०२५पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग त्याच्या कक्षेत आले. आधी जिल्हा कोर्टात हरलं की कागद बांधून मुंबईच्या वकिलाकडे सोपवायचे आणि आपला वकील तिथे मागच्या बाकावर. आता आमची काही मुलं पहाटे फोंडाघाट नाहीतर आंबोली चढून जातात आणि स्वतःच्या अपिलात स्वतः उभी राहतात. घाटात दरड आली की पंचाईत, पण तो रस्त्यांचा विषय, त्यावर बोलायला बसले तर रात्र होईल.

पालकांना मी हल्ली यादी दाखवत नाही. कामकाजाच्या दिवशी अकराला तालुका कोर्टात जा म्हणते. बार रूममध्ये आमच्या कॉलेजचा, चाळिशीतला कुणीतरी भेटेलच. पहिली पाच वर्षं कशी काढलीत, एवढंच त्याला विचारा. मी सांगितलं तर जाहिरात वाटेल, तो खरं सांगेल. आणि जाताना मुलीला सोबत न्या, प्रश्न तिलाच विचारू दे.