नॉर्ग्येलिंगला डिसेंबरात जाऊ नका

एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या दुसऱ्या वर्षी प्रबंधासाठी मी नॉर्ग्येलिंग निवडलं. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगाव-प्रतापगडजवळ 1972 साली वसलेली ही तिबेटी वसाहत. तिथल्या सेटलमेंट ऑफिसरना विभागाचं पत्र पाठवलं, होकार आला आणि सुट्टी लागताच डिसेंबरात मी निघाले.

निम्म्या घरांना कुलपं. हिवाळ्यात कमावती माणसं स्वेटर विकायला गावोगाव जातात, ती लोसारच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या सुमारास परततात. मागे म्हातारी माणसं आणि शाळकरी मुलं. एवढी साधी गोष्ट मी आधी फोनवर विचारायला हवी होती.

दुसरी अडचण संमतीपत्राची, म्हणजे मुलाखत द्यायला होकार असल्याच्या कागदाची. विद्यापीठाच्या समितीला सही हवी होती आणि आजीआजोबा सही करायला तयार नव्हते. भारताने 1951 चा निर्वासितविषयक करार स्वीकारलेला नाही. त्यामुळे सरकारदरबारी ते परदेशी. इथलं राहणं आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर. त्याचं नूतनीकरण करता करता आयुष्य गेलेल्या माणसासमोर मी आणखी एक कागद सरकवत होते. तोंडी संमती चालावी म्हणून मी समितीला अर्ज केला. मंजुरीला पाच आठवडे लागले, पण ती मिळाली. तुम्ही जाणार असाल तर हा अर्ज आधीच करा.

तरी खरी अडचण वेगळीच होती. एका मोलाने (आजीला तिथे मोला म्हणतात) लोण्याचा चहा पुढे ठेवला आणि हिंदी-मराठी मिसळून विचारलं, "बेटी, पहले भी लिहायला आले होते. किताब कुठे आहे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी वही मिटली आणि तुम्हाला काय हवंय ते विचारलं. त्यांनी नातवाला हाक मारली. कॉलेजच्या ऑनलाइन अर्जात राष्ट्रीयत्वाच्या रकान्यापाशी त्याचं घोडं अडलं होतं. त्याच्या आईचा जन्म 1983 चा, इथलाच. 26 जानेवारी 1950 ते 30 जून 1987 या काळात भारतात जन्मलेल्यांना कायदा जन्माने नागरिक मानतो. मग मुलाने काय लिहायचं? ते सांगणारं जवळ कोणीच नव्हतं, आणि विद्यापीठात विधी विभाग तर माझ्या वर्गाच्या शेजारच्या इमारतीत! याचा मला आजही राग येतो.

लोसारनंतर मी पुन्हा गेले, विधीच्या दोन विद्यार्थिनींना घेऊन. दोन दिवस आम्ही फक्त कागद पाहिले: जन्मदाखले, आरसी, शाळेचे दाखले. मुलाखती तिसऱ्या दिवशी सुरू झाल्या, आणि आता लोक स्वतःहून बोलत होते. प्रबंधाचा विषयही बदलून 'उच्चशिक्षण प्रवेशातील कागदपत्रांच्या अडचणी' असा झाला.

प्रबंध जमा केल्यावर त्याचा आठ पानी सारांश वसाहतीतल्याच एका शिक्षकांकडून तिबेटीत करून घेतला, मानधन देऊन. पहिली प्रत मोलाच्या हातात दिली. त्यांनी चष्मा मागवला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली.