फाफेचा वाढदिवस, म्हणजे लेकीचा

सोमवार, रात्र

लेक नऊ वर्षांची होते आहे आणि तिला वाढदिवस ‘फास्टर फेणेचा’ हवाय, म्हणजे भा. रा. भागवतांच्या पुस्तकांतल्या फाफेचा. मेन रोडवरच्या पार्टीच्या सामानाच्या दुकानात मी भाबडेपणाने विचारूनही आले. दुकानदाराने आधी ‘कोणता कार्टून?’ म्हटलं, मग युनिकॉर्न, डायनासोर आणि कोळी-माणूस असे तीन संच काउंटरवर मांडले. फाफेच्या चेहऱ्याच्या थाळ्या नाहीत, टोप्या नाहीत, बॅनर नाही. फुरसुंगीचा हा किडकिडीत पोरगा इतकी वर्षं मराठी घरांत राहतोय, पण त्याच्यावर कुणी प्लास्टिक छापलेलं नाही. मला तर बरंच वाटलं. विकत काही मिळत नाही म्हणजे मुलांना काहीतरी करायला द्यावं लागणार. आणि फाफे तरी दुसरं काय करतो? शांत बसत नाही, नाक खुपसतो, सायकल दामटतो, मधूनच ‘ट्टॉक्’ करतो.

पोशाख ठरला: घरात असेल तो चौकड्यांचा शर्ट. मोठ्या भावाचा, बाबांचा, कुणाचाही. ‘तू फाफेची बहीण माली हो’ असं नवऱ्याने सुचवून पाहिलं. लेक म्हणाली, ‘मी फाफे. सगळेच फाफे. माली कुणीच नाही.’ विषय संपला.

बुधवार

खरी अडचण वेगळीच आहे. येणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांनी एकही पुस्तक वाचलेलं नाही. २०१७चा सिनेमा काहींनी टीव्हीवर पाहिलाय, त्यामुळे त्यांच्या डोक्यातला फाफे कॉलेजात जाण्याएवढा मोठा आहे. बाकीच्यांना मराठी बोलता येतं झकास, पण वाचताना जोडाक्षराशी आले की गाडी थांबते.

म्हणून आज संध्याकाळी सोसायटीतल्या चार-पाच जणांना खाली बोलावून एक प्रकरण मोठ्याने वाचलं. भा. रा. भागवतांची वाक्यं ऐकायला पळती आहेत. मुलाला एखादा शब्द अडला तरी प्रसंग त्याला ओढून पुढे नेतो. अर्थ विचारायलाही कुणी थांबलं नाही, ‘पुढे काय’ एवढंच. भागवत १९१० साली जन्मले, २००१ साली गेले, आणि २०१६ नंतर जन्मलेली ही कार्टी त्यांच्यासमोर गुपचूप बसली होती. शाळेतल्या वाचन-प्रकल्पांपेक्षा हे मला जास्त पटतं. आधी ऐकवा, मग पुस्तक हातात द्या. (प्रकल्पाला चार्ट पेपर लागतो, याला फक्त घसा.)

शुक्रवार

फाफे प्रतापगडावर जातो, काश्मीरला जातो. या वेळी त्याला नाशिकला आणायचा. आधी डोक्यात होतं की सगळ्यांना थेट गोदाकाठी न्यावं. पण हा श्रावण आहे. गंगापूर धरणातून पाणी कधी सोडतील याचा नेम नाही, आणि नऊ वर्षांच्या घोळक्याला रामकुंडावर मोकळं सोडण्याची माझी हिंमत नाही. मग गोदाकाठच पार्किंगमध्ये आणू. निळ्या खडूने नदी, तिच्यावर अहिल्याबाई होळकर पूल, रामकुंड, दुतोंड्या मारुती, नारोशंकराचं देऊळ, पंचवटीच्या अंगाला काळाराम आणि सीतागुंफा. नकाशा मापात नसेल, पण कशाच्या कुठल्या काठाला काय ते बरोबर असेल.

गुन्हा असा: सायकलची घंटा चोरीला गेली आहे. ती वाजल्याशिवाय केक कापायचा नाही.

पहिली चिठ्ठी लिहून झाली. ‘तोंडं दोन, तरी गप्प. याच्या अंगाला पाणी लागलं की मात्र सगळं गाव बोलतं.’ नाशिकच्या पोराला हे यायलाच हवं. पुरात दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी की छातीला, यावरच तर आपल्याकडे पूर मोजतात. तिथून नारोशंकराकडे. तिथल्या दारावरची मोठी घंटा वसईच्या विजयाची आठवण सांगते. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली, ते मुलांना इतिहासात कधीतरी लागेलच. इथे हरवलेल्या घंटेचा माग मोठ्या घंटेपाशी लागतो, एवढं त्यांना पुरे.

तिसरी चिठ्ठी सांकेतिक. प्रत्येक अक्षराच्या जागी वर्णमालेतलं पुढचं अक्षर, काना-मात्रा तशीच. ‘टाकी’चं होतं ‘ठाखी’, ‘जिना’चं ‘झिपा’. लेक रात्री झोपेपर्यंत ‘झिपा, झिपा’ करत जिन्यावर खालीवर करत होती. ज्यांना क-ख-ग ओळीने येत नाही त्यांच्यासाठी वर्णमालेचा तक्ता खांबाला लावणार. जोडाक्षरं मुद्दाम टाळली आहेत.

शनिवार, दुपार

आज बोटांचे ठसे. स्टीलच्या पेल्याला बोट लावलं, पेन्सिलचं शिसं किसून त्याची पूड मऊ ब्रशने हलके फिरवली. बोटाचं तेल आणि घाम जिथे लागला होता तिथे पूड चिकटली. वर चिकटपट्टी दाबून ती पांढऱ्या कागदावर लावली की रेषा स्पष्ट! भारतात ठशांचं पहिलं खातं १८९७ साली कलकत्त्यात निघालं. अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांची वर्गवारी बसवण्यात मोठं काम केलं. मी हे वाचून दाखवलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘त्यात काय, शंख आणि चक्र आम्ही लहानपणापासून बघतोय.’ आणि लेकीची दहाही बोटं उजेडात धरून मोजायला बसल्या.

त्यातूनच उलगडा सुचला. पेल्यावर सापडलेला ठसा चक्राचा असेल. संशयित मोठी माणसं रांगेत उभी राहतील, शाईच्या पॅडवर अंगठा टेकवतील, मुलं भिंगातून जुळवतील. खालच्या मजल्यावरचे निवृत्त काका, वॉचमनदादा, माझा भाऊ, नवरा, सासूबाई, सगळ्यांचे अंगठे आजच घेऊन ठेवले. चौघांच्या अंगठ्यावर शंख. चक्र एकट्या सासूबाईंच्या.

आता चोर बदलता येत नाही. पुरावा आहे.

खाणं साधं आहे: चिवडा, भाजलेली कणसं, जिलबी. परतभेट म्हणून प्रत्येकाला एक छोटी तपासवही, पेन्सिल आणि मालिकेतलं एकेक पुस्तक, प्रत्येकाला वेगळं. म्हणजे पुढे आपापसात अदलाबदल करावीच लागेल.

शनिवार, रात्र

सासूबाई दुपारभर नाराज. ‘भर सोसायटीत मी चोर?’ संध्याकाळी मात्र घंटा कुठे लपवायची यावर त्यांनीच बोलणं काढलं. बटव्यात आवाज होईल, म्हणून रुमालात गुंडाळून कंबरेला. मग उद्या नेसायला कपाटातून नऊवारी काढून ठेवली, कारण तिला कासोटा असतो, पळायला बरं. ‘पकडल्यावर लगेच कबूल होणार नाही,’ म्हणाल्या. ‘आधी पळणार. फास्टर आहे ना तो, मग पळू दे की माझ्यामागे.’

गुडघ्याचा पट्टाही धुऊन वाळत घातलाय. पार्किंगमधल्या गाड्या उद्या सकाळीच बाहेर काढून ठेवायला सांगते.