‘उशीर झालाय, मी निघते’

मुलग्यांशी आणि पुरुषांशी लैंगिकतेबद्दल बोलणं हे माझं काम. नुकत्याच नोकरीला लागलेल्या तरुणांचं प्रशिक्षण शिबिर होतं आणि त्यातलं संमतीवरचं सत्र माझ्याकडे होतं, तेही जेवणानंतरचं. एरवी या वेळेला निम्मा वर्ग पेंगतो, पण या विषयाला कुणी पेंगत नाही. पाच मिनिटांत मागच्या रांगेतून नेहमीचं वाक्य आलं, “सर, मुली स्पष्ट बोलत नाहीत. मग गैरसमज होतात.”

मी वाद घातला नाही. म्हटलं, एक सहकारी सुट्टीच्या दिवशी सामान हलवायला मदतीला बोलावतोय. तुम्हाला जायचं नाहीये. काय सांगाल?

उत्तरं भराभर आली. “बघतो रे.” “त्या दिवशी जरा काम आहे.” “आधी बोलला असतास तर...” एकाने नुसतं “अं...” करून मान खाजवली आणि सगळे हसले. हा काही येत नाही, हे सगळ्यांना कळलं होतं. तोंडाने ‘नाही’ कुणीच म्हटलं नव्हतं.

“आणि त्याने तरीही तुम्हाला ओढत नेलं, वर म्हणाला, तू नाही कुठे म्हणालास?”

“सर, मुद्दाम करतोय तो.” आवाज मागच्या रांगेतलाच होता.

यातलं डोकं माझं नाही. माणसं रोजच्या बोलण्यात नकार असाच देतात, जरा थांबून, कारण पुढे करून, समोरच्याला वाईट वाटू न देता, हे सीलिया किट्झिंगर आणि हॅना फ्रिथ या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलं. पुढे २००६ मध्ये तरुण पुरुषांच्या गटचर्चांचा एक अभ्यास आला. असे आडवळणाचे नकार, अगदी देहबोलीतलेसुद्धा, त्या तरुणांना व्यवस्थित ओळखता येत होते. बलात्काराचा विषय निघाला की मात्र ‘तिने स्पष्ट सांगायला हवं होतं’ हे सुरू व्हायचं.

माझ्या वर्गातही तेच झालं. मी दुसरा प्रसंग सांगितला. ओळखीची दोघं, त्याची खोली. ती म्हणते, उशीर झालाय, उद्या लवकर उठायचंय. त्याचा हात बाजूला करते. मग गप्प होते. तो थांबत नाही. मघाशी हसणारा वर्ग एकदम वकील झाला. खोलीवर गेलीच कशाला? ओरडली का नाही?

ओरडण्याबद्दल मी त्यांना स्टॉकहोमचा अभ्यास सांगितला. बलात्कारानंतर तिथल्या तातडीच्या उपचार केंद्रात आलेल्या जवळपास तीनशे स्त्रियांशी बोलून केलेला हा अभ्यास २०१७ मध्ये छापून आला. त्यातल्या सुमारे ७० टक्के जणींचं शरीर त्या वेळी बऱ्याच अंशी गोठून गेलं होतं. हलता येत नाही, आवाज फुटत नाही. भीतीपोटी शरीर आपसूक असं वागतं, त्यात तिच्या मर्जीचा प्रश्नच येत नाही. हे ऐकून काही चेहरे बदलले, काही नाही.

आणि असं करणारा बहुतेकदा ओळखीचाच का असतो? कारण बंद दाराआड पोचायला त्याला काही करावंच लागत नाही. विश्वासाने ती स्वतः आलेली असते. उद्या पुन्हा त्याचं तोंड बघायचं असतं, म्हणून नकारही सौम्य देते. त्यात मदत केली, फोन केले, वेळ दिला, हे सगळे हप्ते भरले आणि आता वस्तू ताब्यात मिळाली पाहिजे, असा हिशोब अनेकांच्या डोक्यात असतो. मानसशास्त्रज्ञ मेरी कॉस यांनी अमेरिकेतल्या ३२ शिक्षणसंस्थांमध्ये केलेल्या पाहणीत (ती १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली) ‘बलात्कार’ हा शब्द टाळून नुसती कृती विचारली होती. तेव्हा काही पुरुषांनी ती केल्याचं सरळ लिहून दिलं. बहुतेक घटनांत दोघं एकमेकांच्या ओळखीचे होते. गैरसमज होतच नाहीत असं मी म्हणत नाही. पण खरा गैरसमज झालेला माणूस समोरची आक्रसली की थबकतो, विचारतो.

सत्र संपलं. सगळे गेले आणि मागच्या रांगेतला तो तेवढा खुर्च्या लावत राहिला. खुर्च्या लावायचं काम त्याचं नव्हतं. मग म्हणाला, “सर, तुम्ही सांगितलंत ना, तसंच. ती म्हणाली होती, उशीर झालाय, मी निघते. दोनदा म्हणाली.”

“तेव्हा तुझ्या मनात काय आलं?”

बराच वेळ गेला. “वाटलं, आत्ता जाऊ दिली तर परत यायची नाही.”

म्हणजे कळलं होतं. त्याने ते ज्या सरळपणे सांगितलं, त्याने मीच हादरलो. ‘होतं असं कधी कधी’ हे वाक्य अशा वेळी जिभेवर येतं, समोरचा रडकुंडीला आलेला असतो ना. ते मी गिळलं. त्याला सांगितलं, तू जे सांगतोयस तो गुन्हा असू शकतो आणि तो छोटा करून दाखवायला मी मदत करणार नाही.

“तिला मेसेज करू? एवढंच विचारतो, की तिच्या मनात काही नाहीये ना.”

“नको. तुला हलकं वाटावं म्हणून तिने उत्तर का द्यायचं? तिने तक्रार केली, कुणाला सांगितलं, तर खोटं बोलू नकोस. एवढं तुझ्या हातात आहे.”

अशा पुरुषांसोबत काम करणाऱ्या एका समुपदेशकाचा नंबर दिला. तो त्याने माझ्यासमोरच लावला आणि पुढच्या आठवड्यातली वेळ घेतली.